ज्ञानाची मांडणी कोणाच्या हाती?

आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात आजमितीस चौदा कपाटे आहेत. त्यांपैकी अकरा कपाटांच्या दारांवर दात्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. कोणी आईच्या स्मृतीप्रीत्यर्थ कपाट दिले, कोणी वडिलांच्या, तर कोणी नोकरीच्या पहिल्या पगारातून. त्या प्रत्येक पाटीमागे कष्ट आहेत आणि कृतज्ञताही आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याने कपाट दिले त्याने दिलेली पुस्तके त्याच कपाटात राहावीत, अशी प्रथा हळूहळू पडली आणि पुढे ती प्रथाच आमच्या ग्रंथालयाची वर्गवारी होऊन बसली. परिणामी धम्मपदाच्या शेजारी स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक, त्याला लागून एखादे आत्मकथन आणि त्याखाली जुन्या स्मरणिकांचा गठ्ठा, असा संसार एकेका कपाटात नांदतो आहे.

गेल्या वर्षी इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, "सर, चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर आपल्याकडे काय काय आहे?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, तीन पुस्तकांची नावे लगेच आठवली. पण ती कोणाच्या कपाटात आहेत हे आठवण्यास दोन दिवस लागले. चौथे पुस्तक महिनाभराने, भलतेच काही शोधत असताना हाती आले. तोपर्यंत त्या मुलाचा निबंध लिहून, तपासून परतही गेला होता. पुस्तक ग्रंथालयात होते, वाचकही ग्रंथालयात होता. दोघांची गाठ मात्र पडली नाही. दोष पुस्तकाचा नव्हता आणि मुलाचाही नव्हता. दोष मांडणीचा होता, आणि ती मांडणी आम्हीच चालू दिली होती.

हा प्रसंग येथे सांगण्यास कारण आहे. माजी विद्यार्थ्यांनी विद्यालयाचे संकेतस्थळ तयार करण्याचे ठरविले असून त्यासाठी निधीही जमविला आहे. त्याचा प्राथमिक आराखडा आमच्या पाहण्यात आला. मुखपृष्ठावर संस्थापकांचे छायाचित्र, त्याखाली अध्यक्षांचे मनोगत, सचिवांचे मनोगत, मुख्याध्यापकांचे मनोगत, मग सत्कार समारंभांची छायाचित्रे आणि शेवटी देणगीदारांची नामावली. ग्रंथालयाच्या वाट्याला दोनच शब्द आले आहेत : 'सुसज्ज ग्रंथालय'. आराखडा दिसण्यास सुबक आहे. परंतु तो पाहताच आमच्या डोळ्यांपुढे ती चौदा कपाटे उभी राहिली. कपाटांची मांडणी देणाऱ्याच्या सोयीने झाली, संकेतस्थळाची मांडणी पदाधिकाऱ्यांच्या क्रमाने होऊ घातली आहे. शोधणारा दोन्हीकडे बाहेरच उभा आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांला एक मत स्पष्टपणे मांडावयाचे आहे. आपल्या समाजातील जी मुले-मुली ग्रंथालयशास्त्र शिकत आहेत, त्यांनी माहितीची रचना आणि संकेतस्थळाची बांधणी ही विद्या हाताने करून शिकली पाहिजे. ती रंगसंगतीपासून व चित्रांपासून शिकण्याची नाही. वाचकाच्या प्रश्नापासून शिकण्याची आहे. आणि ती शिकण्यासाठी त्यांना पहिले काम आपण, म्हणजे त्यांच्या शाळेने आणि समाजाने, दिले पाहिजे.

आमची एक माजी विद्यार्थिनी सध्या शहरातील एका महाविद्यालयात बी.लिब. करीत आहे. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. तिचे शालेय शिक्षण याच वसतिगृहात झाले. सुट्टीत भेटावयास आली तेव्हा तिने अभ्यासक्रमाची वही दाखविली. त्यात संकेतस्थळ रचनेचा घटक होता. व्याख्या होत्या, प्रकार होते, फायदे-तोटे होते. आम्ही विचारले, "एखादे पान तरी तयार केलेस का?" ती म्हणाली, "सर, संकेतस्थळ म्हणजे काय, यावर मी दहा गुणांचे उत्तर लिहू शकते. संकेतस्थळ करू शकत नाही." पोहण्यावर टिपा लिहून घ्याव्यात आणि विहिरीत कोणाला उतरू देऊ नये, अशी ही शिकवण आहे. ज्यांच्या घरी संगणक आहे ती मुले बाहेर कोठेतरी शिकून घेतात. जिच्या घरी नाही तिला महाविद्यालयात मिळेल तेवढेच मिळते, आणि तेथे मिळते ती केवळ व्याख्या.

ही विद्या नेमकी कशाची, हे पालकांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इमारत बांधण्यापूर्वी वास्तुविशारद विचार करतो की येथे येणारा माणूस कोठून आत येईल, कोठे वळेल, त्याला जिना सापडेल काय. माहितीच्या बाबतीत हाच विचार करणे म्हणजे माहितीची रचना. रिचर्ड सॉल वुरमन या अमेरिकन वास्तुविशारदाने १९७६ च्या सुमारास 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर' हा शब्दप्रयोग प्रचारात आणला. पुढे संकेतस्थळांचे युग आले, तेव्हा १९९८ मध्ये लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉर्व्हिल यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि तो या क्षेत्राचा पायाभूत ग्रंथ मानला गेला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे दोघेही मूळचे अभियंते नव्हेत. ते मिशिगन विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकलेले होते. त्यांनी मांडलेली चार अंगे पाहिली की ग्रंथपालाला ती ओळखीची वाटतात. माहितीचे गट पाडणे हे वर्गीकरण झाले. गटांना नावे देणे ही विषयशीर्षके झाली. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याच्या वाटा म्हणजे ग्रंथालयातील दिशादर्शक पाट्या. आणि शोधपेटी म्हणजे तालिका. तेव्हा ही विद्या ग्रंथालयशास्त्रावर बाहेरून लादलेली नाही. ती त्याच शास्त्राची पुढची पायरी आहे.

किंबहुना धम्माच्या अभ्यासकाला तर ती अधिकच जवळची वाटावी. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे महाकस्सपांच्या अध्यक्षतेखाली पहिली संगीती भरली. तेथे उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म सांगितला, असे परंपरा सांगते. त्यापुढे काही शतके हे सर्व साहित्य मुखोद्गत होते. श्रीलंकेत राजा वट्टगामणीच्या काळी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, ते लिहून काढण्यात आले. पान नाही, पृष्ठक्रमांक नाही, सूची नाही, आणि तरीही हजारो सुत्ते सापडत राहिली. हे कसे घडले? मांडणीमुळे घडले. लांब सुत्ते दीघनिकायात, संख्येने ३४. मध्यम लांबीची मज्झिमनिकायात, १५२. विषयवार गुंफलेली संयुत्तनिकायात. आणि ज्यांत एक गोष्ट सांगितली आहे, दोन सांगितल्या आहेत, असे करीत अकरापर्यंत चढत जाणारी अंगुत्तरनिकायात. वग्गाच्या शेवटी उद्दान नावाची छोटी पद्यरचना येते. तीत त्या वग्गातील सुत्तांची नावे ओवलेली असतात. तिला आजच्या भाषेत अनुक्रमणिका म्हणावे लागेल. दीघ पाठ करणारे दीघभाणक वेगळे, मज्झिम पाठ करणारे वेगळे, अशी जबाबदारीही वाटून दिलेली होती.

या व्यवस्थेत एक मोठी समज दडलेली आहे. लांबी, विषय आणि संख्या या तीन वेगवेगळ्या कसोट्या एकाच पिटकात शेजारी शेजारी नांदतात. चार आर्यसत्यांकडे जाऊ इच्छिणाऱ्याला विषयाची वाट आहे आणि संख्येचीही वाट आहे. एकच वाट खरी, बाकीच्या खोट्या, असा आग्रह नाही. कारण मांडणी ऐकणाऱ्यासाठी आणि आठवणाऱ्यासाठी होती. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी म्हणून वास्तू उभारली आणि तिला 'राजगृह' हे नाव दिले, याचा अर्थ आपण या अंगानेही लावून पाहावा.

फळीवरच्या पुस्तकाची मात्र एक अडचण असते. त्याला एकच जागा असते. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा प्रबंध अर्थशास्त्राकडे जातो, जातिनिर्मूलनावरील १९३६ चे भाषण समाजशास्त्राकडे, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' धर्माकडे. एका माणसाचे चिंतन तीन खोल्यांत विखुरले जाते. ही अडचण ओळखणारा ग्रंथपाल भारतातच झाला. डॉ. शियाली रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिक्षणासाठी लंडनला गेले आणि तेथील एका दुकानात मेकॅनो या खेळण्याचे सुटे भाग जोडून निरनिराळ्या वस्तू होताना त्यांनी पाहिल्या. विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांच्या ध्यानी आले. १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. कशाविषयी, कशाचे बनलेले, कोणती क्रिया, कोठे आणि केव्हा, असे पाच पैलू त्यांनी पुढे मांडले. आज खरेदीच्या संकेतस्थळावर आपण किंमत, रंग, आकार अशा चौकटींवर खूण करून वस्तू शोधतो, तेव्हा विषयाला पैलू पाडण्याचीच ही पद्धत वापरीत असतो. संकेतस्थळावर एक पुस्तक एकाच वेळी पाच ठिकाणी उभे राहू शकते. फळीला जे शक्य नव्हते ते येथे शक्य झाले आहे.

उदाहरण घेऊ. एखाद्या मुलीने विचारले, "बाबासाहेबांनी पाण्याविषयी काय काम केले?" प्रश्न अवघ्या दोन अक्षरांच्या शब्दाभोवती आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या खंडांत उत्तर आहे. पण ते एका जागी नाही. महाड सत्याग्रहासंबंधीचे साहित्य १७ व्या खंडाच्या पहिल्या भागात मिळते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य या नात्याने दामोदर खोऱ्याच्या योजनेवर केलेली भाषणे १० व्या खंडात मिळतात. मराठीत शोधावयाचे तर ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' पाहावे लागते. जो मुलगा केवळ खंडांची नावे वाचील, त्याला यातले काहीच सापडणार नाही. परंतु कोणी जाणत्या ग्रंथपालाने 'पाणी' या एका शब्दाखाली हे तिन्ही धागे बांधून ठेवले, तर आठवीतल्या मुलाला तळे आणि धरण यांतील नाते एका दृष्टिक्षेपात कळेल. तळ्यावरचा हक्क मागणारा आणि नदीखोऱ्याच्या नियोजनात भाग घेणारा माणूस एकच होता, ही इतिहासाची समज त्या मांडणीतून मिळते. तेवढ्यापुरता मांडणी करणारा हाही इतिहासकारच असतो.

म्हणूनच मांडणी निरुपद्रवी नसते. मेल्विल ड्युई यांचे दशांश वर्गीकरण १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आजही जगभरच्या ग्रंथालयांत वापरले जाते. त्यात धर्मासाठी २०० ते २९९ असे शंभर अंक आहेत. त्यांपैकी २२० ते २८९ हे अंक पारंपरिक रचनेत बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांनी व्यापलेले असून जगातील उरलेल्या धर्मांना २९० च्या दशकात दाटीवाटीने बसावे लागते. बौद्ध धम्माला मिळाला २९४.३. अडीच हजार वर्षांची परंपरा दशांश चिन्हाच्या पलीकडे! याच ड्युई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राची शाळा उघडली होती. ग्रंथालय-व्यवसायावर त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु त्यांचे वंशभेदी व स्त्रियांशी आक्षेपार्ह वर्तन ध्यानात घेऊन अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढण्याचा निर्णय घेतला.

याच कोलंबियात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. आणि तेथेच पुढे डोरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय महिलेने ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा संग्रह उभा केला. त्या काळी अनेक ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकाचे पुस्तक, मग ते कवितेचे का असेना, गुलामगिरीच्या ३२६ या अंकाखाली किंवा स्थलांतर-वसाहतीच्या ३२५ खाली जाऊन पडत असे. पोर्टर यांनी ते मानले नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, अशी त्यांनी नव्याने मांडणी केली. त्यांनी मोर्चा काढला नाही; तालिकेतील पत्रके बदलली. पण त्या बदलाने एका समाजाला गुलामगिरीच्या फळीवरून उतरवून ज्ञानाच्या प्रत्येक दालनात आणून बसविले. आमच्या मते ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे उदाहरण लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याकडेही दलित लेखकाच्या कथेवर केवळ 'दलित' अशी चिठ्ठी लावून ती वेगळ्या कोपऱ्यात ठेवली जाते. कोपरा सन्मानाने दिला तरी कोपराच. तो अवश्य असावा. पण कथा कथेच्या फळीवरही असली पाहिजे, आणि संकेतस्थळावर ती दोन्हीकडे असू शकते.

रकान्याची ताकद काय असते, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात २,४८७ बौद्ध नोंदले गेले होते. धम्मदीक्षेनंतर १९६१ मध्ये ही संख्या २७,८९,५०१ झाली. आपल्या पूर्वजांनी एका रकान्यात आपले नाव स्वतःच्या हिमतीवर लिहिले. त्याची किंमतही मोजली, कारण बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. 'हरिजन', 'अस्पृश्य', 'नवबौद्ध', 'बौद्ध' या प्रत्येक शब्दाच्या पाठीमागे, नाव कोणी ठेवावयाचे, हा प्रश्न उभा आहे. संकेतस्थळावरील गटांना नावे देणारा विद्यार्थी हाच प्रश्न दररोज सोडवीत असतो. म्हणून ते काम केवळ कंत्राटदाराकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग हे शिकवावे कसे? आमच्या त्या विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहात थांबलेल्या मुलांसह एक प्रयोग केला. साठ पुस्तकांची नावे साठ चिठ्ठ्यांवर लिहिली, थोडक्यात आशयही लिहिला आणि मुलांना सांगितले, "जी एकत्र असावीत असे वाटते ती एकत्र ठेवा आणि ढिगाला तुम्हीच नाव द्या." या पद्धतीला व्यवसायात कार्ड सॉर्टिंग म्हणतात, तिला संगणक लागत नाही, सतरंजी पुरते. 'समाजशास्त्र' असा ढीग एकाही मुलाने केला नाही. 'शाळेसाठी भांडलेली माणसे' असा ढीग तिघांनी केला. त्यात महात्मा फुले, सावित्रीबाई आणि कर्मवीर भाऊराव एकत्र आले. 'संकीर्ण' हा शब्द मुलांना ठाऊकच नव्हता, आणि आमच्या नोंदवहीत त्या शब्दाखाली सर्वांत जास्त पुस्तके आहेत! आम्ही तीस वर्षे शिकवीत आहोत. परंतु मुले ज्ञानाचा शोध कोणत्या शब्दांनी घेतात, हे त्या दुपारी आम्हांला प्रथमच समजले.

दुसरी पायरी कागदावरची. मुखपृष्ठावर कोणते पाच शब्द असतील ते लिहावे आणि एखाद्या पालकाला विचारावे, "प्रवेशासाठी कोणते दाखले लागतात, हे तुम्ही यांतील कोणत्या शब्दावर बोट ठेवून शोधाल?" बोट चुकीच्या शब्दावर पडले तर शब्द चुकला, पालक नव्हे. ही एक सवय लागली तरी निम्मे शिक्षण झाले. तिसरी पायरी प्रत्यक्ष बांधणीची. त्यासाठी मोफत साधने उपलब्ध आहेत. ग्रंथालयाची तालिका ठेवण्यासाठी 'कोहा' ही प्रणाली आहे. ती न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय न्यासासाठी तयार झाली आणि २००० साली वापरात आली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट, म्हणजे आपल्या भाषेत दान. दानाचा असा अर्थही आपण समजून घ्यावा : पाटीसाठी दिलेले नव्हे, वापरासाठी खुले केलेले.

मराठीच्या काही खास अडचणी आहेत, त्याही विद्यार्थ्यांनी जाणल्या पाहिजेत. जुन्या खासगी फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर शोधपेटीला दिसत नाही. तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. छापील पानाचे नुसते छायाचित्र चढविले तर ते मजकूर म्हणून वाचले जात नाही. आपल्याच पत्रकांतून 'बौद्ध' हा शब्द कितीदा 'बौध्द' असा छापला जातो! माणूस दोन्ही एकच समजतो, यंत्र समजेलच असे नाही. पान जड झाले तर तांड्यावरच्या साध्या फोनवर ते उघडत नाही. चित्राला शब्दांत वर्णन जोडले नाही तर अंध वाचकाच्या कानापर्यंत ते पोहोचत नाही. आणि काय दाखवू नये, हाही रचनेचाच भाग आहे. आमच्या जनरल रजिस्टरात मुलांच्या जातीचा रकाना आहे, पत्ते आहेत, काहींच्या घरची दुःखे आहेत. ती वही जपून ठेवावयाची आहे, चव्हाट्यावर मांडावयाची नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील. एक असा की, आता यंत्राला विचारले की ते सर्व सांगते, मग मांडणीचे कष्ट कशाला? आमचे उत्तर असे की, यंत्र तेच सांगते जे कोणीतरी कोठेतरी मांडून ठेवले आहे. आंबेडकरी जलशांच्या हस्तलिखित वह्या, वस्त्यांवरील मंडळांची इतिवृत्ते, पहिल्या पिढीतील शिक्षकांची पत्रे आजही ट्रंकांमध्ये आणि पोटमाळ्यांवर आहेत. ती कोणी नोंदविली नाहीत तर यंत्राच्या लेखी ती घडलीच नाहीत. दुसरा आक्षेप पालकांचा आणि तो रास्त आहे : ग्रंथपालांच्या जागा भरल्या जात नाहीत, मग मुलीने हे शिकून करावे काय? आम्ही खोटी आशा दाखविणार नाही. परंतु जो केवळ पुस्तके देतो-घेतो त्याला एकच दार असते. ज्याला माहिती मांडता येते त्याला रुग्णालय, न्यायालय, वृत्तपत्र, संग्रहालय, सहकारी संस्था अशा अनेक ठिकाणी काम मागता येते. तिसरा आक्षेप असा की, संकेतस्थळ हे अभियंत्याचे काम आहे. गवंडी हवाच, पण घरात कोण राहणार, हे गवंड्याने ठरवावयाचे नसते.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र सूचना अशी. जमलेल्या निधीतून एक वाटा बाजूला काढावा आणि ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या आपल्या दोन विद्यार्थ्यांना दरवर्षी सुट्टीत मानधन देऊन येथे बोलवावे. त्यांनी आधी चौदा कपाटांची नोंद करावी, मग जुन्या स्मरणिकांची सूची, मग तुमच्या घरच्या वह्या आणि पत्रे. संकेतस्थळ या कामातून उभे राहू द्यावे. त्यास वर्षभर अधिक लागेल, लागू द्यावे. संकेतस्थळाचे नाव आणि त्याच्या किल्ल्या संस्थेच्या नावे असाव्यात, कोणा एका व्यक्तीच्या वा विक्रेत्याच्या खिशात नसाव्यात. आणि दरवर्षी १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या ग्रंथपाल दिनी, दहा मुलांना दहा प्रश्न देऊन किती उत्तरे सापडली ते मोजावे. सत्कारांची छायाचित्रे किती चढली, यावरून नव्हे, तर या मोजणीवरून संकेतस्थळाची परीक्षा व्हावी.

दात्यांच्या पाट्या काढाव्यात असे आम्ही म्हणत नाही. त्या राहतील, प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत दात्याचे नावही राहील, आणि त्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडेलही. फक्त पुस्तके आता विषयाप्रमाणे आपापल्या जागी जातील. या उन्हाळ्यात आम्ही पहिले कपाट रिकामे करून सुरुवात केली आहे. ते आमच्याच आईच्या नावाचे आहे. ती अक्षरशत्रू होती. पण आपण दिलेले पुस्तक कुलुपात राहण्यापेक्षा एखाद्या मुलाच्या हाती पडावे, हे तिला समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

जयभीम.